दैर-शमाचं गोंदण

फार वर्षांपूर्वी, युफ्रेटिस नदीच्या अलीकडे, जिथे गवतापेक्षा दगडच अधिक उगवतात, तिथे दैर-शमा नावाची वस्ती उभी राहिली. ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, उरलेल्यांना वाळवंटात हाकलण्यात आलं. त्यातून जगलेल्या बायका इथे येऊन थांबल्या. त्यांना थारा दिला तो डेन्मार्कहून आलेल्या सिग्ने नावाच्या मिशनरी बाईने. वस्ती तिला 'मायरिग', म्हणजे आई, म्हणे. ती चालू लागली की विंचू वाट सोडत, असं म्हणतात. विंचवांचं विंचवांना ठाऊक. पण तिने विहीर खणवली, रोट्यांची भट्टी पेटवली आणि तापाने फणफणलेल्यांची अंथरुणं स्वतः धुतली, हे नक्की.

त्या वस्तीत नाझेली होती. वाळवंटातल्या पायपिटीत तिची लहानगी लेक सिर्वार्त हातातून सुटली होती. अशा कितीतरी मुली नदीपलीकडच्या भटक्या टोळ्यांच्या तंबूंत वाढत होत्या. नावं बदललेली, आपली भाषा बोलायची भीती. हाक मारून शोधणार कसं?

नाझेलीने युक्ती काढली. त्यांच्या गावचा टाका दुहेरी: आधी धाग्यांचा नुसता सांगाडा, मग त्यातून विणकाम. सांगाडा पाहून पुढचं सुचेल ते फक्त आईजवळ बसून तो शिकलेल्या त्यांच्याच लेकींना. असे अर्धे रुमाल मायरिगने तंबूतंबूंत न्यायचे, असं ठरलं. मायरिगही टाका शिकायला बसली.

"हे हात आहेत की वल्ही?" नाझेली करवादली.

"वल्हीच. कोळ्याची लेक आहे मी."

"मग रुमाल पोचवा फक्त. सुईला हात लावू नका, मायरिग, देवाची शपथ!"

रुमाल गेले आणि पुरे होऊन आले. ज्यांनी ते पुरे केले, त्यांना मायरिग एकेक करून घेऊन आली. एका रुमालावरचं विणकाम मात्र उलट्या दिशेने फिरलं होतं. नाझेलीने तो उलटसुलट करून पाहिला. तिची सिर्वार्त डावखुरी होती.

"कुठे आहे ती?"

"आहे सुखरूप. पण यायला तयार नाही. तिच्या हनुवटीवर तंबूतल्यांनी आपल्या टोळीची खूण गोंदलीय. अशा मुली दिसल्या की तुम्ही बायका तोंड फिरवता, हे तिच्या कानावर गेलंय."

तोंड फिरवणाऱ्यांत नाझेलीही होतीच. "तिला सांगा, मी नाही फिरवणार."

"सांगून पटायचं नाही," म्हणत मायरिग गाढवावर बसली.

नदीला पूर होता. पाणी दुभंगलं आणि ती कोरड्या पायांनी पार झाली, असं म्हणतात. काही म्हणतात, तिने आपला एकुलता एक कोट नावाड्याला दिला. यातलं मोठं कोणतं, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

ती परतली तेव्हा सगळी वस्ती भट्टीपाशी जमली होती. मागच्या गाढवावर सिर्वार्त, तोंड झाकलेली, उतरेनाच. तेव्हा मायरिगने स्वतःच्या तोंडावरचं फडकं सोडलं. तिच्या सुजलेल्या, गोऱ्या हनुवटीवर निळे ठिपके होते, ताजे. तंबूतल्या म्हातारीकडून, सिर्वार्तच्या समोर बसून गोंदवून घेतलेले.

"बघा नीट," ती म्हणाली. "आता तोंड फिरवायचंच असेल, तर दोघींपासून फिरवा."

कुणी फिरवलं नाही. नाझेली पिठाच्या हातांनीच पुढे झाली आणि तिने लेकीच्या हनुवटीवर ओठ टेकले.

दैर-शमात अजूनही वसंतातला एक दिवस मायरिगचा असतो. त्या दिवशी सगळे हनुवटीवर निळीचे ठिपके लावतात. पाद्रीबुवाही दाढी बाजूला सारतात. वस्तीत जी कोणी नवखी पाय ठेवील, तिलाही आधी ठिपके आणि गरम रोटी. तू कोण, कुठली, हे मागाहून विचारायचं असतं. आणि बहुतेक वेळा ते विचारायचं राहूनच जातं.