गव्हावर रुसलेला गोळा

फार पूर्वी इजिप्तमध्ये, नाईलकाठच्या एका घरात, मडक्यात आंबलेल्या कणकेचा गोळा राहायचा. रोज त्यातला निम्मा भाकरीत जायचा आणि उरलेल्यात नवं पीठ मळलं जायचं. दुसऱ्या दिवशी नदीला नैवेद्य दाखवायचा होता, म्हणून नवी सून हेनुत माहेरून आणलेले गहू पाट्यावर वाटत होती.

"भाकरी आधी निखाऱ्यावर, मग साच्यात, मग भट्टीत," गोळा वैतागला. "येईल ती सून नवं खूळ आणते. आता म्हणे जव सोडून गहू. मी नाही फुगणार. आजेसासूबाईंच्या हातचा आहे मी."

"त्यांच्या हातचं पीठ घरानं केव्हाच खाऊन टाकलं, बाबा," पाटा म्हणाला. "तुझ्यात आहे ते सगळं काल-परवाचं."

गोळा हट्टाला पेटला. त्यातला निम्मा घालून हेनुतनं मळलेली कणीक संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. नैवेद्य चुकला तर सासरी काय तोंड दाखवायचं, या विचारानं तिचे डोळे भरून आले. तरी तिनं मडक्यात मूठभर गव्हाचं पीठ घातलं आणि हात जोडले. "रागवा हवं तर, पण उपाशी नका राहू. या घरात सगळ्यांत वडील तुम्हीच."

सकाळी कणीक टम्म फुगली होती.

"गोड आहे हो गहू," गोळा पुटपुटला. "पुढच्या सुनेनं हा बदलायला काढला, तर मात्र बघाच."

पाट्यानं कपाळाला हात लावला असता, पण त्याला हात नव्हते.