हुलग्याचा थर

"मग वरचा थर प्रबंधातून वगळू का, सर?"

विचारणारी रेवती चांदोरकर. तीन वर्षं उत्खननातली राख पाण्यात ढवळून ती हजारो वर्षांपूर्वीचे जळके दाणे वेचत होती. हुशार, पण ताठा केवढा! 'गव्हाचं गाव' हे प्रबंधाचं नाव तिनं खणायच्या आधीच ठरवून टाकलेलं.

खालच्या, जुन्या थरात गहू मिळाला. वरच्या थरात नुसते हुलगे, म्हणजे कुळीथ. आणि उद्या समितीसमोर उभं राहायचं होतं.

तिचे मार्गदर्शक घारपुरे सर चष्मा पुसत राहिले.

"का वगळायचा?"

"गाव भिकेला लागलं, सर. गहू सोडून कुळीथ खायची वेळ आली! माझं सगळं मुसळ केरात..."

तिचे डोळे भरून आले. सरांच्या हाताखाली मीही तिथंच; चाळणी हलवायची थांबवली. एरवी मला तिचा राग यायचा, पण तेव्हा वाईट वाटलं.

सरांनी हाक मारली, "सरूबाई, यंदा काय पेरलंत?"

माती चाळणाऱ्या सरूबाई याच गावच्या. "हुलगं."

"गहू का नाही?"

"आवं, मी काय येडी हाय का? पानी कुठंय?" त्या खळखळून हसल्या. "दोन सालं पावसानं दडी मारली. गव्हाचा हट्ट धरला त्यांच्या घरांना कुलपं लागली. आमी हावोत की हितंच!"

सर उठले. खड्ड्यात उतरले, वरच्या थरातल्या एका चुलीच्या कडेवर हात ठेवला.

"रेवती, खाली चुली किती?"

"चार."

"वर?"

"नऊ..."

"भुकेलं गाव चुली वाढवतं का गं?"

...

रेवतीनं त्या नऊ चुलींकडे वळून पाहिलं. मग मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायलाच लागली. सरूबाई घाबरून तांब्या घेऊन धावल्या. ती घटाघटा पाणी प्यायली, वही काढली, 'गव्हाचं गाव' यावर आडवी रेघ मारली.

"वाचले बाई एकदाची!"

सर खड्ड्यातून वर आले, हात झटकले.

"आधी हे गाव वाचलं. तू नंतर."