कागदाच्या माथ्यावरचं नाव

एका नगरात बोलायची चोरी होती. तिथला एक रंगाचा व्यापारी कारखान्याचं पाणी सरळ नदीत सोडत असे. लेकरांच्या अंगावर फोड उठत होते आणि तक्रार करणाऱ्याचे हातपाय मोडले जात होते. सांगतानाही संताप येतो! कचेरीतल्या साहेबांना काय लेकरं नव्हती?

त्या नगरातल्या एका वृद्ध गुरुजींनी यावर तोड काढली. तक्रारीचा कागद एकात एक अशा तीन लखोट्यांत घालायचा. पहिला लखोटा कुंभार फोडी. आतल्यावर माळिणीचं नाव. दुसरा माळीण फोडी. आतल्यावर नावाड्याचं नाव. तिसरा नावाडी फोडी आणि कागद कचेरीच्या पेटीत टाकी. कागद कुणाकडून निघाला ते कुंभाराला ठाऊक, कुठे पोहोचला ते नावाड्याला. दोन्ही गोष्टी एकालाही ठाऊक नसत. आज इंटरनेटवर नाव लपवणारी जी जाळी आहेत, त्यांचीही रीत साधारण हीच.

साळूबाई नावाची घाटाखालून आलेली विणकरीण गुरुजींच्या शिष्याकडे कागद लिहून घ्यायला आली. तिची नात फोडांनी तळमळत होती.

"माझं नाव कळणार नाही ना रे बाबा?"

"ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही!" शिष्य म्हणाला.

"मग आधी आमच्या कुलदेवीचं, वाघजाईचं नाव घाल."

रीतच ती. शिष्याने जराही विचार न करता माथ्यावर लिहिलं, 'श्री वाघजाई प्रसन्न'. साळूबाईने लखोटा स्वतः कुंभाराकडे नेऊन दिला.

कचेरीतला कारकून व्यापाऱ्याच्या ताटाखालचं मांजर. त्याने कागद नेऊन व्यापाऱ्याला दाखवला. वाघजाईला पुजणारं घर नगरात एकच. दोन दिवसांत व्यापाऱ्याच्या माणसांनी साळूबाईचा हातमाग मोडला आणि तिचा उजवा हातही.

शिष्य धावत गुरुजींकडे आला. "तिघांपैकी कुणीतरी फितूर झालं! शिवाय परवा याच वाटेने कुणीतरी एका सासुरवाशिणीबद्दल घाणेरडं पत्र धाडलं. ही वाटच बंद करा."

गुरुजींनी कोरा कागद त्याच्यापुढे आपटला. "व्यापाऱ्याविरुद्ध लिही. माथ्यावर तुझ्या कुलदैवताचं नाव घाल. आणि धाड."

शिष्याचा हात जागीच थांबला.

"का? आता का थांबलास?" गुरुजी कडाडले. "तीन लखोटे आहेत ना? अरे, त्या तिघांनी जीव मुठीत धरून आपलं काम चोख केलं. कागद कुठून आला एवढंच वाट लपवते. तू त्यावर घराची खूण लिहिलीस, तिला वाट काय करणार? शेवटी कागद कुणीतरी वाचणारच, आणि वाचणारा आपला असेलच असं नाही. उद्या कुंभाराच्या दारी आणि पेटीपाशी, दोन्हीकडे पाळत बसली, तर कोण कधी आलं आणि कागद कधी पडला हे जुळवूनही माग लागेल. हे तिला सांगितलंस? नाही. फुशारकी मारलीस! ते घाणेरडं पत्र लिहिणारा नीच आहेच. पण त्याच्यापायी वाट बुजवलीस, तर हा व्यापारी पेढे वाटेल."

शिष्य खालमानेने साळूबाईकडे गेला. स्वतःची चूक त्याने कबूल केली आणि वाटेचे धोकेही एकेक करून सांगितले. गळ्यात बांधलेला हात सावरत ती उठली. मग तिने शेजारच्या दोघींना हाक मारली.

"माझं कळलं ते कळलं," ती म्हणाली. "आता यांची तक्रार लिही. देवीचं नाव मी मनात घेते. तू कागदावर घालू नकोस."