एक्क्याऐंशीवा भाग

सांगलीच्या ॲनिमे मंडळात कोणती जपानी कार्टून मालिका बघायची, हे उदयसिंहदादाच ठरवायचे. वैजूने आपली लाडकी बारा भागांची मालिका सुचवली की ते हात झटकायचे. “बारा भाग? पोरखेळ नुसता! माझी बघ. पहिले ऐंशी भाग रटाळ आहेत, पण एक्क्याऐंशीव्यापासून काय मजा येते! खऱ्या चाहत्याने कळ काढावी.”

चौथ्यांदा हेच ऐकून वैजूचं डोकं फिरलं.

पुढची बैठक तिच्याच घरी होती. चहाचा पहिला घोट घेताच दादांनी तोंड वाकडं केलं. “अगं, यात साखरच नाही!”

“पहिले ऐंशी कप असेच आहेत, दादा,” किटली पुढे करत वैजू म्हणाली. “एक्क्याऐंशीव्यापासून साखर आहे. कळ काढा.”

दादांनी कप खाली ठेवला. “लाव तुझी ती बारा भागांची,” ते पुटपुटले, “आणि साखर आण.”