बीव्हरांचा बांध

फार जुन्या काळी, एका थंड मुलखात, जिथे गाव नव्हतं आणि गावाची वाटही नव्हती, तिथे कातड्यांचा एक व्यापारी राहायला गेला. डोंगरातल्या ओढ्याकाठी त्याने आणि त्याच्या बायकोने दोन वर्षं खपून लाकडी घर उभं केलं. जगात त्यांचं तेवढंच होतं.

घराच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बांध होता. तो माणसाने घातलेला नव्हता. बीव्हर नावाची केसाळ पाणजनावरं दातांनी झाडं पाडत, फांद्या रचत, चिखलाने लिंपत. बांध दोन पुरुष उंच होता आणि त्यामागे अख्खं तळं तुंबलं होतं. पहिल्यांदा पाहिला, तेव्हा व्यापारी कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

पण बीव्हरच्या कातड्याला मागणी मोठी. रानातल्या लोकांची रीत होती, प्रत्येक तळ्यात बीव्हरांची एक जोडी जिवंत राखायची. व्यापाऱ्याने काही हिवाळे रीत पाळली. मग एका हिवाळ्यात त्याने शेवटच्या जोडीलाही सापळे लावले.

रानातली एक म्हातारी तिथून चालली होती. सापळे पाहून ती थांबली, जोडी राहू दे म्हणाली. व्यापारी हसला. जनावरं राखतात तो बांध मला राखता येत नाही होय, म्हणाला. मला दोन हात आहेत, कुऱ्हाड आहे.

"हात आहेत रे लेका," म्हातारी म्हणाली. "पण बांधात पाणी कुठं झिरपतं, ते त्यांना ऐकू येतं. तुला येतं का?"

त्याने सापळे काढले नाहीत. जोडी सापळ्यात सापडून मेली.

वसंतात बर्फ वितळलं. तळं काठोकाठ भरलं आणि बांध गळू लागला. व्यापाऱ्याने दगड टाकले, ओंडके ठोकले. एक भोक बुजवावं, तर पाणी दुसरीकडून फुटे. तीन दिवस नवरा-बायको कंबरभर गार पाण्यात राबली. चिखलात हात घातल्यावर त्याला आतली वीण लागली. फांदीत फांदी अशी गुंतवलेली, की सात जन्मांत त्याला जमली नसती.

"एवढं ती दोन जनावरं राखत होती?" बायको म्हणाली.

त्याने आणखी एक ओंडका उचलून भोकावर ठोकला.

चौथ्या दिवशी सकाळी बांध फुटला. दोघं चढावर पळाली म्हणून वाचली. घराचा एक ओंडकाही मागे राहिला नाही. विकायला बांधून ठेवलेली कातडीही त्याच पाण्यातून गेली.

ज्याच्या कष्टांच्या आडोशाला आपलं घर उभं आहे, त्याचं कातडं सोलू नये.