जनाबाईचा पाट

“...म्हणजे यातलं धरू काय आणि सोडू काय?”

हेमांगीने तिसऱ्यांदा विचारलं. सोमा मेस्त्री माती मळत राहिले.

कुडाळजवळची ही त्यांची गणपतीची शाळा. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची पडवी. रीत अशी, की ज्याच्या घरी गणपती त्याने आधी आपला पाट आणून द्यायचा. मूर्ती त्या पाटावरच घडते. भिंतीला चाळीसेक पाट टेकले होते.

हेमांगी माती मळायला पहिल्यांदा इथेच शिकली. मग शहरात जाऊन पाच वर्षं चित्रं काढली. तिथून शिल्पाकडे वळली, मग छापचित्रं, मग कॅमेरा. हात कशातच कमी नव्हता, आणि ते तिला ठाऊक होतं. पण चाळिशी आली तरी लोक विचारत, तू नक्की कोण? एका परीक्षकाने तर तोंडावर म्हटलं होतं, बारा पिंपळावरचा मुंजा.

आता दोन वर्षांची शिष्यवृत्ती समोर होती. अर्जात कलेसाठी रकाना एकच. उद्या शेवटचा दिवस.

“तुम्ही सांगाल ते लिहीन, मेस्त्रीकाका. बाकीचं कायमचं बंद.”

मेस्त्रींनी वर पाहिलं.

“कायमचं?”

“कायमचं.”

“हं...”

तेवढ्यात जनाबाई डोक्यावर पाट घेऊन आली. टेकली, घोटभर पाणी प्याली. दर वर्षी हीच पाट उशिरा आणते म्हणून मेस्त्रींनी तिला टोमणा मारला. तिने तो कानाआड केला. थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

“मेस्त्रीनू, औंदा सोंडेच्यो वळयो जरा उठावदार करा. कान पण. आमच्या ह्यांका आता दिसणा नाय. हात लावन बघतले.”



मेस्त्रींनी तो पाट उचलला आणि हेमांगीच्या पुढ्यात ठेवला.

ती पाटाकडे बघत राहिली. एका कोपऱ्यावर निरांजनाने जळल्याचा डाग होता. तिने डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली. मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“कळलं, काका. मातीच. मातीच लिहिते.” ती जनाबाईकडे वळली. “मी करते तुमचा गणपती. बोटांना सगळा सापडेल असा. रंगाची गरजच नाही.”

जनाबाई उठत होती, ती पुन्हा बसली.

“रंग नको कसो? रंग व्हयो.”

“पण त्यांना तर...”

“ते इचारतले, पितांबर खयच्या रंगाचा? शेल्याक काठ कसो?” जनाबाईने पाटावरची धूळ पदराने पुसली. “माका सांगूक नको?”

हेमांगीचा हात पाटावरच राहिला.

जनाबाई पायवाटेने दिसेनाशी झाली. मेस्त्रींनी मळलेल्या मातीचा गोळा हेमांगीच्या उजव्या हाताशी सरकवला. मग फळीवरून रंगाच्या वाट्या काढल्या आणि एकेक करून तिच्या डाव्या हाताशी मांडल्या. शेवटची वाटी पिवळ्याची.

“हं, बाय... काय सोडायचं म्हणत होतीस?”