हलकी हवा

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर, एक सुरय पक्षीण आपली दोन पिल्लं वाढवत होती. पिल्लांना उडता येत नव्हतं, पण ती तुरुतुरु पळत.

एका सकाळी तिची मैत्रीण कासवीण पाण्यातून वर आली.

"सुरयबाई, ओहोटी आहे तोवर पिल्लांना किनाऱ्यावरच्या टेकाडावर ने. हवा हलकी झाली आहे. समुद्रावर हवेचा दाब असा उतरला, की चहूकडून वारे तिथं धावतात आणि ढगही ओढून आणतात."

सुरय हसली. "अगं, ऊन लख्ख पडलंय, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. पाण्यात राहून तुला हवेतलं काय कळणार?"

कासविणीला ते लागलं. ऐकायचं नसेल तर राहू दे, असं मनाशी म्हणत ती निघून गेली.

दुपारी आभाळ काळवंडलं. संध्याकाळपर्यंत वादळानं अख्खा दांडा पाण्याखाली घातला.

तिसऱ्या दिवशी कासवीण परतली, तेव्हा सुरय ओल्या वाळूवर एकटीच बसली होती.

"तू सांगितलं होतंस गं," ती म्हणाली.

कासविणीनं मान खाली घातली. "सांगितलं होतं. पण एकदाच सांगितलं."